पांढऱ्या फडक्यातली बाटली

बॉथेल, वॉशिंग्टन
१२ एप्रिल २००६

ती. आत्यास,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. फोनवर तुला माझं बोलणं म्हणजे नुसती भुणभुण ऐकू येते, आणि ऋषीदादाला मध्ये उभं करून सांगावं असं हे नाही, म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, पत्र कंटाळवाणं होणार. मीच मला कंटाळले आहे.

इथली आपली मंडळी म्हणजे चौदा कुटुंबं. एका अमेरिकन चर्चच्या तळघरातला हॉल आम्हांला रविवारी दुपारी मिळतो. प्रभुभोजनाची भाकर आणि रस तयार करायचं काम माझ्याकडे आहे. दुकानातून द्राक्षांच्या रसाची बाटली आणली तरी कुणी काही म्हणणार नाही, पण मी भाऊंच्या पद्धतीनेच करते. (बाप असून मी त्यांना जन्मभर भाऊच म्हटलं, तुझं ऐकून.) काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. बाटली पांढऱ्या फडक्यात बांधायची आणि प्रार्थना करायची. एकदा गाठ मारली की ती प्रभूच्या मेजाजवळच सुटायची. चौथीपर्यंत भाऊंनी मला घरीच शिकवलं, त्यातला हा एक धडा होता. लहानपणी एकदा मी ती गाठ नुसती चाचपून पाहिली. भाऊ रागावले नाहीत. फक्त हात धुऊन ये म्हणाले. तीनदा.

शनिवारी, आठ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या घरातल्या शोभनाकाकूंनी दार वाजवलं. त्या नागपूरच्या. मुलाकडे, केदारकडे, नात सांभाळायला आल्या आहेत. त्यांना मधुमेह आहे. त्या दिवशी त्यांची एकादशी होती. गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. केर टाकायला खाली गेल्या आणि मागे दार आपोआप बंद झालं. केदार आणि सून दीपा मुलीला पोहायला घेऊन गेले होते. काकू घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते. म्हणाल्या, "प्रतिमा, साखर दे नं गं चिमूटभर."

माझ्या घरात साखर नव्हती. लेंटचे चाळीस दिवसांचे उपास सुरू झाले त्या बुधवारी मी साखर, गूळ, मध, जॅम, दूधसुद्धा, सगळं एका पिशवीत भरून दीपाला देऊन टाकलं होतं. ईस्टरपर्यंत कोरा चहा आणि कोरडी पोळी, असं ठरवलं होतं. म्हणजे माझी साखर होती, पण काकूंच्याच घरात, बंद दाराआड.

शेवटी मी बाटलीची गाठ सोडली आणि तो रस त्यांना पाजला. तोवर त्या शुद्ध हरपून खुर्चीवरून पडल्या होत्या, डावं मनगट मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स आली. आता प्लास्टर आहे, बाकी बऱ्या आहेत. दीपा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तू होतीस म्हणून आई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. ईस्टरला हॉल मिळत नाही, म्हणून प्रभुभोजन त्याच दिवशी होतं. मी अनिलकाकांना (ते आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, उपासना तेच चालवतात) सांगितलं की बाटली हातातून निसटून फुटली. का सांगितलं, ठाऊक नाही. ते म्हणाले, "अगं, जबाबदारीचं काम आहे, सावकाश करावं." मग कुणीतरी दुकानातून रस आणला. सगळे पुढे गेले. मी बसून राहिले.

आत्या, प्रार्थना करून वेगळं ठेवलेलं होतं ते. मी ते दुसऱ्या कामाला वापरलं. हे पाप आहे का? तू सरळ सांगतेस म्हणून तुला विचारते. आणि खोटं बोलले ते वेगळंच.

तुझ्या चर्चमध्ये ईस्टरला काय काय होणार आहे ते लिही.

तुझी
प्रतिमा


पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१९ एप्रिल २००६

चि. प्रतिमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून आणि एकदा सिस्टर म्हणून. पस्तीस वर्षं मिशन हॉस्पिटलात काढल्यावर ती सवय जात नाही.

आत्या म्हणून सांगते, रसाचं मनावर घेऊ नकोस. भुकेल्यांना देवाच्या घरातली भाकर दिल्याची गोष्ट तुला तुझ्या बापानेच शिकवली आहे. मनुकांचं पाणी ते. पोटात गेलं, कामी आलं. अनिलकाकांशी खोटं बोललीस, ते एका वाक्यात दुरुस्त करता येतं. जा आणि सांग.

आता सिस्टर म्हणून. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पातळ काही ओतायचं नसतं. श्वासात गेलं असतं म्हणजे? आधी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा. हे इथे लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

आणि एक विचारते. बाई स्वतःच्या पायांनी तुझ्या दारापर्यंत चालत आली, तोंडाने साखर मागितली. तेव्हा ती शुद्धीत होती. मग पडली कधी? दारातून आत येणं आणि खुर्चीवरून पडणं यांच्यात वेळ गेला असणार. तो वेळ तुझ्या पत्रात नाही. वॉर्डात रात्रपाळीची पोरगी असा रिपोर्ट लिहायची तेव्हा मी तिला दोन तास बसवून ठेवायची.

ईस्टरची उपासना छान झाली. पहाटेचीच होती. रेव्हरंडांनी रिकाम्या कबरेवर उपदेश केला, दगड आधीच सरकलेला होता यावर जोर होता. गायन चांगलं झालं. ऋषी सोडून गेला आणि घेऊन आला. चर्चमागे चहा होता.

कोरा चहा आता सोड. ईस्टर होऊन गेला. दूध पी. तुझ्या बापासारखी हाडं काढून बसू नकोस.

तुझी आत्या
शरयू


बॉथेल
२८ एप्रिल २००६

ती. आत्यास,
सलाम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते उघडून स्वयंपाकघरातच उभी राहून वाचलं. वेळाचं वाक्य वाचल्यावर खाली बसले.

सात मिनिटं. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ माझ्या समोर होतं, म्हणून नक्की सांगते. अकरा वाजून चार मिनिटांनी काकू खुर्चीवर बसल्या. मी साखरेसाठी कपाट उघडलं आणि आठवलं, नाही. मग ओट्यावरची बाटली दिसली. मी ती हातात घेतली. गाठीवर बोट ठेवलं. आणि थांबले.

मी काय विचार करत होते ते जसंच्या तसं लिहिते, सजवत नाही. पहिला विचार, उद्या सगळ्यांना काय देणार? दुसरा विचार, प्रार्थना झाली आहे. तिसरा विचार, भाऊ. काकूंचा विचार चौथा आला असेल, मला नक्की सांगता येत नाही. मग मी बाटली खाली ठेवली आणि "काकू, आणते हं" म्हणून बाहेर धावले. आमच्या मजल्यावरची दोन दारं वाजवली, खालचं एक वाजवलं. शनिवार, कुणी घरी नाही. परत आले तेव्हा अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि काकू जमिनीवर होत्या, हात अंगाखाली. तेव्हा मी गाठ सोडली. तीही पटकन सुटेना. भाऊंसारखी मारलेली होती.

रस माझ्या हातात होता, आत्या. त्या शुद्धीत होत्या तेव्हा माझ्या हातात होता.

ऑफिसात माझं कामच दुसऱ्यांच्या चुका शोधणं आहे. कुठली पायरी चुकली की प्रोग्राम पडतो, ते क्रमाने लिहून द्यायचं. ही पायरी मला ताबडतोब सापडली. आणि मी ती तुझ्यापासून लपवली.

आता पुढचं ऐक. अनिलकाकांना खरं सांगायचं ठरवून मी गेल्या रविवारी गेले. पण माझ्याआधी दीपा आली होती. हॉल शोधत, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. तिने सगळ्यांना सांगितलं की प्रतिमाने तिच्या देवाचा रस आमच्या आईंना पाजला. शुभाकाकूंनी, अनिलकाकांच्या बायकोने, डोळे पुसले. अनिलकाका माझ्याकडे आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फुटली म्हणून सांगितलंस! आपलं चांगलं काम झाकायला! अशी नम्रता आजकाल कुठे बघायला मिळते?" मी तोंड उघडलं तर म्हणाले, "नाही, नाही, बोलू नकोस. आता सात मेला सगळ्यांसमोर साक्ष दे, देवाने काय केलं ते सांग. लोकांना बळ मिळेल."

म्हणजे माझं खोटंसुद्धा चांगुलपणात जमा झालं.

तुला आमच्या घरातला शनिवार माहीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी भाऊ सगळ्यांना ओळीने बसवायचे आणि एकेकाला विचारायचे, "कुणाविषयी मनात काही आहे का? कुणाचं तुझ्याविषयी काही आहे का?" असेल तर त्याच संध्याकाळी जाऊन मिटवून यायचं. नाही मिटलं तर रविवारी सगळे पुढे गेले तरी आपण बाकावर बसून राहायचं. मी इथे एकटी राहते तरी दर वेळी शनिवारी खुर्चीत बसून स्वतःला हे विचारते. आता माझ्याजवळ उत्तर आहे आणि ते मिटवायला मला फक्त समोरचं दार वाजवायचं आहे. चार पावलं. तीन आठवडे झाले.

काकू दारात भेटतात, चांगल्या हाताने माझ्या गालावरून हात फिरवतात. मी ऑफिसची घाई आहे म्हणून सटकते.

सात तारखेला काय करू? उभी राहून सगळं सांगू? की गप्प राहू? पत्र वेळेत आलं तर बरं. फार थकले आहे.

प्रतिमा


पिस्कॅटवे
४ मे २००६

चि. प्रतिमास,
आशीर्वाद.

हे पत्र सात तारखेच्या आत पोचेलसं वाटत नाही. तरी लिहिते.

हॉलमध्ये काही सांगू नकोस. हॉलमधल्यांचं तू काही बिघडवलेलं नाहीस. तिथे रडून सांगितलंस तर आणखी दोघींचे डोळे भरतील, अनिलकाका पुन्हा डोक्यावर हात ठेवतील, आणि ज्या बाईचं मनगट मोडलं तिला यातलं काही कळणार नाही. जिचं आहे तिला सांग. एवढंच.

तू सात मिनिटं लिहिलीस. मग मलाही काहीतरी लिहिणं भाग आहे.

मी ईस्टरला चर्चला गेले नव्हते. त्याआधीच्या रविवारीही नाही. ऑगस्टपासून नाही. ऋषीची कंपनी त्याला शनिवार-रविवारी कामाला जुंपते, सकाळी तो झोपलेला असतो, पोटच्या पोराला उठवायचं माझ्या जिवावर येतं. सुरुवातीला दोनदा गेले. लोक चांगले होते, हसले, हात हातात घेतले. पण मला एक शब्द ऐकू आला नाही. सव्वा तास नुसती लोकांची तोंडं हलताना बघितली. घरी येऊन रडले. तुला जे उपदेश लिहीत आले ते जुने आहेत, आपल्याकडे ऐकलेले. रिकाम्या कबरेचा तर एकोणीसशे बहात्तरचा आहे. भाऊसारख्या प्रचारकाची बहीण चर्चला जात नाही हे तुला कसं लिहू? तू मनाला लावून घेशील, असं म्हणून मी लिहिलं नाही. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती.

रविवारी मी खाली लाँड्री रूममध्ये बसते. कपडे मशीनमध्ये टाकून बायका बसलेल्या असतात. एकीचं प्रेशर एकदा बघितलं, आता सात-आठ जणी येतात. गुजराती, तेलुगू, एक पोलंडची म्हातारी. बोललेलं ऐकू येत नाही, पण स्टेथोस्कोप कानात घातला की ठोके ऐकू येतात, नवल आहे की नाही? प्रेशरचं मशीन जुनं आहे, सेल उतरत आलेत, म्हणून कानाने ताडून बघते. हे मी भक्ती म्हणून सांगत नाही. वेळ जातो.

आणि शनिवारचं. तू लहान होतीस म्हणून तुला माहीत नाही. भाऊ सगळ्यांना विचारायचा. त्याला कुणी विचारत नव्हतं. एकदा मी विचारलं, "आणि तुझ्या मनात कुणाविषयी काही आहे का?" त्याने ताट सरकवलं आणि उठून गेला. माझ्या नवऱ्याशी तो नऊ वर्षं बोलत नव्हता. का, तर आमचं लग्न लेंटमध्ये लागलं. ह्यांना रजा तेव्हाच मिळाली होती. नऊ वर्षं दर महिन्याला तो पुढे जाऊन भाकर घेऊन आला.

हा तुझा बाप. आणि ह्याच माणसाने कुष्ठरोग्यांच्या वस्तीत दर गुरुवारी जाऊन पट्ट्या धुतल्या. आपल्या हाताने, उकळत्या पाण्यात. ते त्याने कधी कुठल्या साक्षीत सांगितलं नाही. मला हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयकडून कळलं. दोन्ही त्याचंच. मी तीस वर्षं त्याची बेरीज करायचा प्रयत्न केला, जमली नाही, मग सोडून दिला.

जा आणि दार वाजव.

तुझी
शरयूआत्या


बॉथेल
११ मे २००६

ती. आत्यास,

पत्र नऊ तारखेला मिळालं.

सात तारखेला मी साक्षीला उभी राहिले आणि "देवाचे आभार" एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना तेही आवडलं. प्रभुभोजनाला पुढे गेले नाही. ते मात्र आवडलं नाही. शुभाकाकूंनी नंतर बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का गं? कुणी मुलगा वगैरे?"

भाऊंविषयी तू का लिहिलंस? मी विचारलं नव्हतं. भाऊ गेल्यावर माझ्याजवळ त्यांचं दुसरं काही उरलं नाही, शनिवारच होता. आणि तू नऊ महिने मला उपदेश लिहून पाठवलेस. मी ते वहीत उतरवून घेत होते, आत्या.

आत्ता एवढंच लिहवतं.

प्रतिमा


पिस्कॅटवे
१५ मे २००६

चि. प्रतिमा,

रागावलीस. बरं वाटलं. तुझ्या अक्षरात पहिल्यांदाच जोर दिसला.

वहीत उतरवलेले उपदेश खोडू नकोस. ते चांगले होते. फक्त माझे नव्हते आणि त्या रविवारचे नव्हते.

दार वाजवलंस का?

शरयूआत्या


बॉथेल
५ जून २००६

ती. आत्यास,
सलाम.

उत्तराला उशीर झाला. रागामुळे नाही. राग आठवडाभर होता, मग तोही दमला.

दार वाजवलं. वीस मेला, शनिवारी सकाळी. केदार-दीपा मुलीला पोहायला घेऊन गेले होते, तोच वार, तीच वेळ. मी मुद्दाम तीच निवडली असं नाही. शुक्रवारी तुझं पत्र आलं आणि मग पुढे ढकलायला काही उरलं नाही.

काकू सोफ्यावर बसून एका हाताने भेंडी पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सांगायला लागले. बाटली, गाठ, चार विचार, सात मिनिटं. मधेच मला रडायला आलं. आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मी त्यांना इंग्रजीत सांगते आहे.

"तू काहून रडते?" त्या म्हणाल्या. "मला दिसत होती नं तू. बाटली हातात, फडकं बांधलेलं. थांबली तू."

"हो. थांबले."

"मी म्हटलं, बघ, किती संस्कारी पोरगी. म्हातारीची एकादशी मोडावी का नाही, याचा विचार करून राहिली. पळत गेली ते कोणाला तरी विचारायला गेली."

"काकू, मला तुमची एकादशी आठवलीसुद्धा नाही."

"नाही?"

"नाही."

त्यांनी भेंडी खाली ठेवली. मला वाटलं, झालं, आता दारातलं ते गालावरून हात फिरवणं संपलं. मी ते धरूनच आले होते.

मग त्या म्हणाल्या, "आता दार लोटून घे आणि इथे बैस. दीपाला सांगशील तर बघ." मी बसले. "तू पाजायला लागली तेव्हा मला थोडी शुद्ध होती. वास आला गोड गोड. मनात आलं, हे यांच्या देवाचं आहे, दारू असेल, काय असेल. मी दात मिटले. घट्ट. अर्धं पातळावर सांडलं ते तुझ्या हातून नाही सांडलं, मी तोंड उघडलं नाही म्हणून सांडलं. मरून राहिली होती मी, आणि दात मिटून बसली. मग तोंड कसं उघडलं, ते मला नाही आठवत."

त्या पातळाचा डाग अजून गेलेला नाही. दीपाने तीनदा भिजत घातलं.

"आणि त्या दिवशी सकाळी दीपाने विचारलं, आई, काही खाल्लं का? डॉक्टरने उपास बंद सांगितलेत. मी म्हटलं, हो, खाल्लं. चाळीस वर्षांच्या एकादश्या आहेत माझ्या, अमेरिकेत येऊन कशा सोडू? हे दीपाला कळलं तर मला परत नागपूरला पाठवून देईल. मग नातीला कोण पाहील?" मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू सात मिनिटं थांबली. मी तर तिथेच बसून होती, दाराबाहेर पडून खालच्या बाईला हाक मारू शकत होती. नाही मारली. मी जप करत होती."

हसू आलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं झालं नाही. फक्त दमल्यासारखं वाटलं, प्रवासाहून आल्यावर सामान खाली ठेवून वाटतं तसं. मी विचारलं, "मग आता काय करायचं, काकू?"

त्या म्हणाल्या, "काय करायचं? वेणी घालून दे माझी. एका हाताने जमत नाही आणि दीपा फार ओढते."

तेव्हापासून घालते आहे. रोज संध्याकाळी, आणि रविवारी सकाळी तेल लावून. दीपाला त्यांनी मागच्या आठवड्यात स्वतःच सांगितलं. दीपा खूप ओरडली, दोन दिवस बोलली नाही, आणि मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळ्या एकादश्यांवर लाल पेनाने लिहिलं, 'आई नाश्ता करतील.' नागपूरला पाठवायचं कुणी नाव काढलं नाही. काकू म्हणतात, कुणाला तरी इतकं ओरडता येतं म्हणजे ती आपलीच.

अनिलकाकांनाही सांगितलं, हॉलबाहेर पार्किंगमध्ये. ते बराच वेळ गाडीच्या किल्ल्या हातात खुळखुळवत उभे राहिले. म्हणाले, "मी तुला बोलू दिलं नाही तेव्हा." मी म्हटलं, "हो." ते एवढंच म्हणाले, पण त्यांनी कुणाला तरी बोलू दिलं नव्हतं हे त्यांना आठवलं, हे मला पुरेसं वाटलं.

काल पेंटेकॉस्टचा रविवार. प्रभुभोजन होतं. शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी खुर्चीत बसले आणि भाऊंचा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर आलं, आहे. बरंच आहे. भाऊंविषयी आहे, तुझ्याविषयी थोडं आहे, माझ्याविषयी तर मोजता येत नाही इतकं आहे. पूर्वी असं उत्तर आलं असतं तर रविवारी मी बाकावर बसून राहिले असते. या वेळी मी त्यांनाही विचारलं. खुर्चीसमोर कुणी नव्हतं, तरी विचारलं, "भाऊ, आणि तुमच्या मनात?" ताट कुणी सरकवलं नाही. मग मी उठून मनुका गाळल्या.

रविवारी काकूंची वेणी घालता घालता उशीर झाला. त्यांचे केस लांब आहेत, पार कमरेपर्यंत, आणि गुंता सोडवल्याशिवाय वेणी बसत नाही. हॉलवर पोचले तेव्हा गायन संपत आलं होतं. बाटली टेबलावर ठेवली. गाठ साधी मारली होती, अनिलकाकांनी एका बोटाने सोडली. ओढणी डोक्यावर घेतली तेव्हा लक्षात आलं, हाताला खोबरेल तेल तसंच आहे. नखांतसुद्धा. हात धुवायची खोली हॉलच्या त्या टोकाला, आणि आमची रांग उठली होती.

मी तशीच पुढे गेले. भाकर ओंजळीत घेतली, तिला तेलाचा वास लागला. अनिलकाकांनी छोटा पेला पुढे केला, माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पेला दिला. रस पिऊन झाल्यावर मी पेला ट्रेमध्ये परत ठेवला, तेव्हा काचेवर माझ्या बोटांचे ठसे दिसत होते, अगदी स्वच्छ, मोजता येतील असे.

बाकावर येऊन बसले. शांत वाटलं का, असं तू विचारशील. नाही. दमल्यासारखं वाटलं. पण बसून राहिल्यासारखं नाही वाटलं.

ऋषीदादाला सांगून तुझ्या प्रेशरच्या मशीनचा नंबर कळव, सेल पाठवते. आणि लाँड्री रूममधल्या बायकांविषयी लिही. उपदेश नको. कुणाचं प्रेशर किती आलं तेच लिही.

तुझी
प्रतिमा

ता. क. — रस कसला होता, हे मी काकूंना आज सांगितलं. त्या अर्धवट वेणीसकट माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मनुकांचा? अगं, मनुका तर उपासाला चालतात नं!"